आंबट कुनी

ब्रेमेन, १२ जुलै १९७६

प्रिय बाबेट आत्या,

आधी खोलीचं दार लावून घे, चष्मा शोध आणि मगच पुढचं वाच. वाचताना ओरडू नकोस, खाली वाइटला ऐकू जाईल.

शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर तीन बाटल्या आल्या. इकडे रोजच येतात, कुणाची बिअर गढूळ झालेली, कुणाची उतलेली. मी पहिल्या बाटलीचं झाकण काढलं, वास घेतला आणि झाकण लगेच परत लावलं. तो वास मी एकदाच घेतलाय, पंचवीस वर्षांपूर्वी. मग कागद पाहिला. “गॉयस यांची भट्टी व खानावळ, एलरनग्रुंड.” खाली सही, वाइट गॉयस. माझा सख्खा भाऊ! लिहितो की मार्चपासून एकेक पिंप आंबतंय, बांबेर्गकडच्या कुणाला कळता कामा नये, म्हणून मुद्दाम दूर उत्तरेला पाठवतोय. केवढा हुशार. आणि पत्र कुणाच्या नावे? “श्री. के. पेटरसन.” मी लग्न करून पेटरसन झाले हे त्याला माहीत नाही, नवरा मेला हेही माहीत नाही. एवढ्या वर्षांत त्यानं तुला एकदाही विचारलं नसेल, कुनी जिवंत आहे की मेली.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी पुन्हा लिहिणार, कारण माझा हात शिवशिवतोय. वाइट लढाईवर गेला, मग रशियनांच्या कैदेत अडकला, तेव्हा भट्टी कुणी चालवली? एकोणिसाव्या वर्षापासून सहा वर्षं मी. सातू मिळेना, कोळसा मिळेना, तरी कोपऱ्यातल्या मानाच्या मेजावर रोज बिअरचे मग भरलेले असायचे. हा परत आला आणि बाबांनी माझ्या हातातलं काढून त्याच्या हातात दिलं. बरं, दिलं. पण एक्कावन्नचा बॉक, नोव्हेंबरची ती कडक बिअर, आंबला, सगळ्या गावानं तो थुंकला, तेव्हा हा मेजापाशी उभा राहून काय म्हणाला? “कुनीला विचारा. तळघराचं दार उघडं टाकून ही कुणाबरोबर हिंडत होती ते.” मी त्या दिवशी तापानं फणफणून अंथरुणात होते! बाबांनी मला तोंडही उघडू दिलं नाही. पुढच्या गावजत्रेत पोरांनी माझ्यावर गाणं रचलं. दोन वर्षांनी बाबा गेले, ते माझ्याशी शब्द न बोलता.

आता त्याचं नशीब माझ्या टेबलावर तीन बाटल्यांत उभं आहे. मला घाई नाही, आत्या. एकच हवंय. ज्या मेजावर त्यानं माझं नाव घालवलं, त्याच मेजावर ते मला परत मिळालं पाहिजे, सगळ्यांच्या देखत. तू तिथली खबर देत राहा.

तुझी,
कुनी

---

एलरनग्रुंड, १९ जुलै

लाडक्या कुनी,

पत्र वाचून मी ओरडले नाही, पण हसले इतकी की वाइटची आफ्रा वर धावत आली, म्हाताऱ्या आजीला झटका आला की काय म्हणून. तिला सांगितलं, जुनी मैत्रीण वारली. काहीतरी सांगायला हवं ना.

खबर म्हणशील तर, हिल्डा फेब्रुवारीत गेल्यापासून घराला घरपण राहिलं नाही. वाइट बायको मेल्यावर एकदम वाकलाय. जेवण आफ्रा करते, म्हणजे करपवते. पोरीचं लक्ष चुलीत नाहीच. कुल्मबाखला तीन वर्षं शिकून आली, भट्टीचा कागद घेऊन. बापाला म्हणते, या साली बॉक मी करणार. हा आधी नको नको म्हणाला, मग हो म्हणाला. तेवीस वर्षांची आहे. मनगटं बघशील तर अगदी तुझी.

मेजावर अजून तेच, ओटमार, शेलहॉर्न, चर्चचा घंटेवाला. आणि आता दडवून काय करू, कुनी, तुला कधी लिहिलं नव्हतं. बिअरचा मग जरा आंबट लागला की ते अजून म्हणतात, “ह्यात कुनी पडली.” नव्या पोरांना तर कुनी कोण होती हेही माहीत नाही, त्यांना वाटतं आंबट बिअरला तसंच म्हणतात. या उन्हाळ्यात रोज ऐकते.

तुला राग येईल, पण हिशेब वाइटशी आहे तो वाइटशीच चुकता कर. बाकी तुझी मर्जी. माझी हाडं दुखतात, जिना उतरवत नाही.

बाबेट

---

ब्रेमेन, २६ जुलै १९७६

श्री. वाइट गॉयस यांस,
स. न. वि. वि.

आपण पाठवलेल्या तिन्ही बाटल्या तपासल्या. बिअरमध्ये आंबवणारे जंतू आहेत. ते भट्टीत नेमके कुठे दडले आहेत हे बाटलीवरून सांगता येणार नाही. त्यासाठी भट्टीचा पूर्वेतिहास आवश्यक आहे. असा प्रकार आपल्याकडे पूर्वी कधी घडला होता काय? घडला असल्यास कोणत्या साली, आणि त्या वेळी काम कोणाच्या हाती होते? कृपया सविस्तर कळवावे.

आपली प्रयोगशाळा कोणतीही माहिती बाहेर देत नाही.

के. पेटरसन

---

एलरनग्रुंड, २ ऑगस्ट

श्री. पेटरसन साहेब,
स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. इतिहास विचारता तर, असं एकदाच झालं होतं, १९५१ साली, नोव्हेंबरच्या बॉकला. त्याचा आताच्या प्रकाराशी काही संबंध नाही. त्या वेळी माझी धाकटी बहीण कामात होती. बायकांचं चित्त एका जागी नसतं, आपण जाणताच. तिनं तळघराचं दार उघडं टाकलं, बाहेरची हवा लागली आणि बिअर गेली. ती घर सोडून गेली, त्यानंतर पंचवीस वर्षं एक पिंपही आंबलं नाही. यावरून काय ते समजावं.

आता मी सगळं नवं केलंय. नळ नवे, हौद आतून घासून घेतले, यीस्ट दोनदा शेजारच्या भट्टीतून बदलून आणलं. तरी आंबतंच. १४ सप्टेंबरला बॉकसाठी सातूचा काढा चढवायचा आहे. त्याआधी उत्तर यावं ही विनंती.

आपला,
वाइट गॉयस

---

ब्रेमेन, ९ ऑगस्ट १९७६

श्री. वाइट गॉयस यांस,

आपला खुलासा वाचला. तो तपासणीशी जुळत नाही. हे जंतू उघड्या दारातून येत नसतात, काढ्याला लागलेल्या एखाद्या वस्तूतूनच येतात. तेव्हा १९५१ च्या दाराची हकिकत एकतर आपल्या चुकून लक्षात राहिली आहे, किंवा ती खरी नाही.

आम्हाला खोट्या इतिहासावर इलाज सांगता येत नाही. त्या दिवशी यीस्ट प्रत्यक्ष कोणी घातलं, कशानं ढवळलं, रोजच्यापेक्षा वेगळं काय घडलं, हे जसंच्या तसं लिहावं. न लिहिल्यास हे प्रकरण आम्ही बंद करू.

के. पेटरसन

---

एलरनग्रुंड, २५ ऑगस्ट

पेटरसन साहेब,

दोन आठवडे तुमचं पत्र खिशात घेऊन फिरतोय. तीन वेळा लिहायला बसलो नि फाडलं. तुम्ही तिकडचे, इथं कुणाला ओळखत नाही, म्हणून लिहितो. वाचून झालं की जाळून टाका.

दाराची गोष्ट खोटी आहे. मी रचलेली.

त्या दिवशी बहीण तापानं पडली होती. यीस्ट घालायचा दिवस टळत नाही. आमच्या घरात यीस्ट आजोबांच्या लाकडी वल्ह्यानं ढवळायची रीत आहे. त्यावर त्यांच्या हातानं कोरलेलं साल आहे, एरवी ते मेजाच्या वर भिंतीवर टांगलेलं असतं. मी घ्यायला गेलो तर भिंतीवर नाही. स्वयंपाकघरात आईनं ते कपडे उकळायच्या मोठ्या पातेल्यात उभं केलं होतं, पाणी अजून तापायचं होतं. म्हणाली, थांब, उकळू दे, कुनी नेहमी उकळते. मला संताप आला. कैदेतून येऊन दोन वर्षं झाली होती आणि जिकडे जावं तिकडे कुनी असं करते, कुनी तसं करते. मेजावरचे म्हातारे माझ्या तोंडावर म्हणायचे, लढाईत बिअर पातळ होती पण चव होती. मी म्हटलं, आजोबांचं वल्हं म्हणजे काय तुमचे लंगोट आहेत उकळायला? तडकलं म्हणजे? ओढून घेतलं आणि खाली गेलो. ढवळलं मीच. सगळं मीच केलं.

पिंप फोडलं तेव्हा वडील सगळ्यांसमोर माझ्याकडे बघत होते. काय चुकलं ते मला आजही ठाऊक नाही. एवढंच कळलं की हे माझ्यावर आलं तर भट्टी पुन्हा तिच्या हातात जाईल. तोंडून दाराचं निघालं. ती कुणाबरोबर हिंडत होती असं का निघालं ते देव जाणे. ती रडली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली.

झालं. आता तरी सांगा बिअर कशानं आंबते. बॉकला तीन आठवडे उरलेत.

वाइट गॉयस

---

ब्रेमेन, ३० ऑगस्ट

आत्या,

लिहिलं त्यानं! स्वतःच्या हातानं, निळ्या शाईत, सहीसकट! मी ते पत्र सात वेळा वाचलंय. “दाराची गोष्ट खोटी आहे. मी रचलेली.” मला पाठ झालंय. बसमध्ये बसले तरी मनात तेच चालू असतं.

आणि दुसरं ऐक. बिअर कशानं आंबते तेही या गाढवानं स्वतःच लिहून दिलंय आणि त्याला ते कळलेलं नाही. वल्हं, आत्या! आजोबांचं वल्हं! त्याला खाली टोकाशी चीर आहे, करंगळीचं नख जाईल एवढी. त्या चिरेत जंतू बसतात. लढाईत मी दर खेपेला ते उकळायचे, कारण आई उकळायची. आईला तिच्या सासूनं सांगितलं होतं, पुरुषांना न सांगता उकळायचं, नाहीतर वस्तूचा अपमान म्हणून कटकट करतात. माझ्यानंतर हिल्डा उकळत असणार, पंचवीस वर्षं मुकाट्यानं. फेब्रुवारीत हिल्डा गेली, मार्चमध्ये बिअर आंबली. आता सांग, बायकांचं चित्त एका जागी नसतं म्हणे!

एक ओळ लिहिली की काम झालं, “वल्हं उकळा.” मी ती लिहिणार नाही. बॉक आंबू दे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी प्रार्थना आटोपून सगळं गाव मेजाभोवती जमेल, हा हातोड्यानं तोटी ठोकून पिंप फोडेल, त्याआधी बॉक कुणी चाखत नाही, पहिला मग ओटमारच्या हातात जाईल. तेव्हा मी तिथं बसलेली असेन, त्याचं पत्र घेऊन. एक्कावन्न साल जसंच्या तसं परत उभं करते, फक्त या वेळी खरं बोललं जाईल.

तू म्हणशील, पोरीचा बॉक आहे. पोरीला काही होत नाही. भट्टी त्याची, नाव त्याचं, थुंकतील ते त्याच्यावर. आणि मी आहे ना तिथं.

कुनी

---

ब्रेमेन, १ सप्टेंबर १९७६

श्री. वाइट गॉयस यांस,
स. न. वि. वि.

आपल्या सविस्तर पत्राबद्दल आभार. तपासणी अजून चालू आहे, निश्चित निष्कर्षास अवधी लागेल. तोवर बॉकचे काम ठरल्या दिवशी, नेहमीच्या पद्धतीनेच करावे. साधने, भांडी वा रीत यांत कोणताही बदल करू नये. बदल केल्यास आजवरची तपासणी निरुपयोगी ठरेल.

के. पेटरसन

---

एलरनग्रुंड, २२ सप्टेंबर

कुनी,

हे पत्र मी झोपून लिहितेय, अक्षर वाकडं येईल. पंधरा तारखेला जिन्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून परवा घरी आणलं. आता वरच्या खोलीतून माझी खाट हलत नाही, जे कळायचं ते जमिनीच्या फळ्यांतून ऐकू येतं तेवढंच.

बॉक ठरल्या दिवशी चढला. पोरीनं सगळं केलं. आदल्या दिवशी बापलेकीचं स्वयंपाकघरात कडाक्याचं भांडण झालं, कशावरून ते मला कळलं नाही. ती रडत वर आली आणि माझ्या पायाशी बसून राहिली, विचारलं तर सांगेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागली.

कुनी, एक सांगू? अजून वेळ आहे. बॉक आंबला असेल तर आंबला, पण आता तरी त्याला लिही, मेजावर न आणता गटारात ओतेल बिचारा. पत्र तुझ्याजवळ आहेच की. ते तू कुठल्याही रविवारी वाच, जत्रेत वाच, चर्चच्या पायऱ्यांवर वाच! त्याला रडवायला आंबट बॉक कशाला हवा? पोरगी रोज तळघरात जाऊन कान लावून बसते, अंड्यावरच्या कोंबडीसारखी.

मी वाइटची बाजू घेत नाही. एक्कावन्न साली मी त्याच्याच शेजारी बसले होते आणि गप्प बसले. तू हे माझ्याविरुद्ध धरून ठेवलंयस, ठाऊक आहे मला. धर. पण हे लिही.

बाबेट

---

ब्रेमेन, २९ सप्टेंबर

आत्या,

खुब्याला जप. मी लिहिणार नाही.

तू म्हणतेस पत्र कधीही वाच. नाही. नुसतं पत्र वाचलं तर ते म्हणतील, जुनी गोष्ट, सोडून दे, चल एक मग घे. तोंडात आंबट चव असली पाहिजे, तेव्हाच त्यांना आठवेल त्यांनी कुणाला काय म्हटलं होतं. पंचवीस वर्षं माझं नाव ते थुंकीबरोबर टाकतायत. एक सकाळ त्यांनीही गिळावी.

सहा नोव्हेंबरला निघते. वर तुला भेटून जाईन.

कुनी

---

ब्रेमेन, ९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

वर यायचं राहून गेलं, माफ कर. दोनची बस होती, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर मला त्या घरात एक क्षणही थांबवेना. तुला फळ्यांतून आरडाओरडा तेवढा ऐकू आला असेल. म्हणून सगळं लिहिते.

साडेदहाला पोचले. प्रार्थना सुटायची होती, खानावळ रिकामी. मी भट्टीच्या बाजूचं लहान टेबल घेतलं. काही बदललेलं नाही ग! तीच हिरवी शेगडी, खिडकीत तीच बोन्सायसारखी खुरटलेली जिरॅनियमची झाडं, वर टांगलेलं वल्हं. आत मांस भाजल्याचा वास. आफ्रा आली, काय आणू म्हणाली. मनगटं माझीच आहेत, तू म्हणालीस ते खरं. मी म्हटलं, सगळ्यांना मिळेल तेच. हसली. “आज माझा पहिला बॉक आहे,” म्हणाली, “दूरून आलात का?” मी म्हटलं, ब्रेमेनहून. “अगबाई, एवढ्या लांबून आमच्याकडे!”

मग लोक आले. एकेक जण मेजावर बोटांची पेरं ठोकून बसला. ओटमार किती म्हातारा झालाय, पण मान तशीच ताठ. मला कुणी ओळखलं नाही. वाइट चामड्याचा एप्रन बांधून आला, खांदे उतरलेले, केस पांढरे. क्षणभर मला बाबाच वाटले. त्यानं पिंपाची तोटी दोन ठोक्यांत बसवली, हे मात्र त्याला नेहमीच जमायचं. पहिला मग ओटमारला.

ओटमारनं घोट घेतला. गिळला नाही. हातातला मग खाली ठेवला, ओठ पुसले आणि सगळ्यांकडे बघून म्हणाला, “वाइट, ह्यात कुनी पडली की रे.”

हसले सगळे! शेलहॉर्नला तर ठसका लागला. मी इथं चार हातांवर बसलेली. मला वाटलं आता उठावं, पण म्हटलं, थांब, वाइटला बोलू दे. तो काय बोलतो ते ऐकायचं होतं मला. वाइटनं तो मग उचलून चव घेतली आणि चेहरा पिठासारखा पांढरा पडला. सगळे त्याच्याकडे बघतायत. तो वळला, आफ्राकडे बोट केलं आणि म्हणाला, “हिला विचारा. शिकून आलीय ना? तळघरात काय करत बसते रोज, दार उघडं टाकून, तिला विचारा.”

आत्या, तेच शब्द! दार!

पोरगी तशीच उभी राहिली, हातात सहा मग धरून. रडली नाही. मला क्षणभर तिच्या जागी मीच दिसले, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्याच क्षणी मी उभी होते. म्हटलं, “ओटमार, कुनी त्या मगात नाही, कुनी इथं आहे.” मी पत्र काढलं आणि वाचलं. सगळं. लंगोटापासून त्या हिंडण्यापर्यंत. आवाज एकदाही कापला नाही. मग त्यांना भिंतीवरचं वल्हं दाखवलं, चीर कुठे आहे ते दाखवलं, कुणाकुणाच्या हातांनी ते उकळलं जायचं तेही सांगितलं.

वाइट मध्येच बाकावर बसला. म्हणाला, “हे मी पेटरसनला लिहिलं होतं.” मी म्हटलं, “मीच पेटरसन. कुनिगुंडा पेटरसन. जाळलं नाही मी तुझं पत्र, दादा.”

ओटमार उठला. त्यानं टोपी काढली. ऐंशी वर्षांचा माणूस, माझ्यापुढे टोपी काढून म्हणाला, “कुनी, आम्ही गाढव होतो. इथं बस.” आणि मानाच्या मेजावर सरकून त्यानं जागा केली. बाईमाणूस त्या मेजावर कधी बसलं आहे का? मी बसले नाही. म्हटलं, “उशीर झाला, ओटमार.” कोट घातला आणि निघाले. दारात आफ्रा होती. ती माझ्याकडे टक लावून बघत होती, मला वाटलं काही बोलेल, आभार मानेल. तिनं फक्त बाजूला होऊन वाट दिली.

मला आनंद झाला, आत्या. पश्चात्ताप शोधू नकोस, सापडायचा नाही. बसमध्ये बटाट्याचे थंड गोळे खाल्ले आणि इतकी गाढ झोपले की बांबेर्गला उठवावं लागलं. शिवाय पोरीचं नाव मीच वाचवलं, हेही ध्यानात घे. मी नसते तर तिची दुसरी कुनी झाली असती.

तुझी,
कुनी

---

एलरनग्रुंड, २१ नोव्हेंबर १९७६

कुनिगुंडा आत्या,

मी आफ्रा. बाबेट आजीनं तुमची सगळी पत्रं माझ्या हातात दिली, शेवटचं नऊ तारखेचंसुद्धा. ती म्हणाली, तुला वाटेल ते कर, मी एकदा गप्प बसले तेवढं पुरे. आता ती तुम्हाला लिहिणार नाही.

बाबा खोलीबाहेर येत नाहीत. येऊही नयेत. त्यांनी तुमचं जे केलं ते मी त्यांना माफ करणार नाही, आणि त्या दिवशी माझ्याकडे बोट केलं तेही नाही. ते माझं नि त्यांचं. बॉक मी गटारात ओतला, वीस पिंपं, एकटीनं. मेजावरचे मदतीला आले होते, मी नको म्हटलं.

आता तुमच्याबद्दल.

तुम्ही लिहिलंयत की तुम्ही माझं नाव वाचवलंत. १३ सप्टेंबरला, बॉकच्या आदल्या दिवशी, मी स्वयंपाकघरात मोठं पातेलं चढवलं होतं. लाकूड काढ्यात बुडवण्याआधी उकळायचं, हे कुल्मबाखला पहिल्याच महिन्यात शिकवतात. मला आई किंवा आजी काय करायच्या ते माहीत नव्हतं, मी आपली शिकलेलं करत होते. तोवरची पिंपं बाबांनीच केली होती, मला हात लावू दिला नव्हता. पाणी उकळत होतं. वल्हं भिंतीवरून मी स्वतः काढून आणलं होतं.

बाबा आत आले. या वेळी ते आजोबांचं वल्हं तडकेल म्हणाले नाहीत. त्यांनी खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. “साधने, भांडी वा रीत यांत कोणताही बदल करू नये.” मी म्हटलं, हा पेटरसन मूर्ख आहे. ते म्हणाले, तो मोठ्या प्रयोगशाळेतला माणूस आहे, तू काल शिकून आलीस. मी रडले, भांडले. शेवटी पातेल्याखालचा विस्तव मीच काढला, कारण मला वाटलं, ज्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं त्यांनी लिहिलंय.

तेव्हा वल्हं पातेल्यातून बाबांनी ओढून घेतलं. माझ्या पातेल्यातून तुम्ही घेतलंत. त्यांना काय चुकलं ते ठाऊक नव्हतं, ते भ्याले. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. माझा पहिला बॉक आहे हे ठाऊक होतं, चीर कुठे आहे हे ठाऊक होतं, बाबेट आजीनं हात जोडले होते. आणि तुम्ही समोर बसून मला म्हणालात, सगळ्यांना मिळेल तेच आण.

वल्हं मी जाळलेलं नाही. उकळून परत टांगलंय. भट्टी आता मी चालवते. मेजावर मला जागा दिलीय, मी तिथंच बसते.

तुमचं एक सप्टेंबरचं पत्र माझ्याकडे आहे, टाइप केलेलं, खाली सही के. पेटरसन. पुढल्या नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, प्रार्थनेनंतर, सगळं गाव बसलेलं असताना, पिंप फोडायच्या आधी ते मी उभी राहून वाचणार आहे. तुम्हाला वर्षभर आधी कळवतेय, कारण मला आधी कुणी कळवलं नव्हतं. याल तर समोरच बसा. नाही आलात तरी मी वाचणारच आहे.

आफ्रा गॉयस